पडायचा बंद झालेला स्विच

"माझी आई कामचुकार? खोटं! साफ खोटं!" टिकलीने चेंडू भिंतीवर असा आपटला, की तो उसळून ढब्बूच्या पोटात बसला.

"अगं, मी काय केलंय?" ढब्बू कळवळला.

पण टिकली ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. सोसायटीच्या बागेचं सगळं काम तिची आई करायची आणि मायलेकी बागेमागच्या खोलीत राहायच्या. गेले तीन दिवस पहाटे नळाला हात लावला, की आईला झटका बसत होता. आज ती झाडांना पाणी न घालताच परतली, तर सेक्रेटरीकाकांनी तिला चारचौघांत झाडलं.

"नाचता येईना अंगण वाकडं! काल दुपारी मी स्वतः हा नळ सोडला. मला नाही बसला शॉक! काम नको असेल तर खोली रिकामी करा. संध्याकाळी मीटिंगमध्ये ठरवूनच टाकू."

सुट्टी लागून जेमतेम आठवडा झाला होता आणि टिकलीच्या डोक्यावरचं छप्परच जायची वेळ आली होती!

"थांबा," पंडित म्हणाला. वाचून वाचून चष्मा लागलेला म्हणून हा पंडित. "पहाटे असतं आणि दुपारी नसतं, असं बागेत काय आहे?"

"गारठा!" ढब्बू म्हणाला.

"तुझं डोकं! दिवे!" टिकली ओरडली. "दिवे असतात!"

बागेत आधी चारच दिवे होते. सेक्रेटरीकाकांनी रविवारी आणखी आठ लावले, तेही स्वतःच! "इलेक्ट्रिशियन कशाला? मी काय आज वायर बघतोय?" असं म्हणत त्यांनी जुन्याच खांबातून वायर ओढली होती.

तिघं धावतच बागेत गेली. नळाजवळच्या चिखलातून पांढरी वायर डोकावत होती. घरात पंख्याला वापरतात तसली! तिच्या जोडावरची चिकटपट्टी सुटून लोंबत होती.

"मागे व्हा!" पंडितने दोघांना ओढलं. "ओली जमीन आणि उघडी वायर दिसली की दहा पावलं लांब राहायचं, असं आत्या सांगते." त्याची आत्या कारखान्यात वायरमन होती.

"पण रविवारी तर जिन्यातली लाइट तीनदा गेली होती," ढब्बू डोकं खाजवत म्हणाला. "लिफ्टसुद्धा अडकली. मग एकदाही नाही गेली."

पंडित त्याच्याकडे बघतच राहिला. "वीज कुठे गळत असली, की सेफ्टीचा स्विच आपोआप पडतो. वीज अजून गळतेय, मग स्विच पडायचा बंद कसा झाला?"

आत्याला बोलावणं गेलं. तिने मीटर रूम उघडली आणि तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. "स्विचला वगळून वायर थेट जोडलीय! राखण करणाऱ्याचेच हातपाय बांधून ठेवलेत मेल्याने!"

"सेक्रेटरीकाका कानावर हात ठेवतील," पंडित म्हणाला. "कोणी जोडलं मला काय माहीत, म्हणतील."

"ठेवू देत," टिकलीने दात आवळले. "त्यांच्याच तोंडून वदवून घेते. आत्या, तू फक्त एक कर..."

सहा वाजता सगळे सभासद बागेत जमले. ऊन अजून रेंगाळत होतं. सेक्रेटरीकाकांनी ऐटीत बटण दाबलं. "झाले बाराही दिवे चालू! उन्हात कळणार नाही, पण अंधार पडला की बघा थाट!"

"काका," टिकली पुढे आली, "नळाला शॉक नाही ना?"

"अजिबात नाही! तुझ्या आईचे बहाणे आहेत सगळे."

"मग चपला काढा आणि सोडा बघू नळ. सगळ्यांसमोर!"

काका हसले. बाकी कोणी हसलं नाही. त्यांनी एक चप्पल काढली, हात पुढे केला आणि तो नळापासून वीतभर लांबच थबकला. 

"आधी... आधी दिवे बंद करा कुणीतरी."

"का, साहेब?" टिकलीच्या आईने विचारलं. "दिव्यांचा आणि नळाचा काय संबंध?"

सेक्रेटरीकाकांनी जीभ चावली. पण आता काय उपयोग!

"तो स्विच सारखा पडत होता हो! मला वाटलं स्विचच खराब आहे, म्हणून थेट जोडून टाकलं..."

"आणि माझ्या हाताला बसत होते ते झटके? तेही खराब होते?"

तेवढ्यात आत्या मीटर रूममधून बाहेर आली. "लावा हात खुशाल. बागेची लाइन मी पाच वाजताच तोडलीय. एकही दिवा लागलेला नाही!"

मग जो गलका झाला! तळमजल्यावरच्या आजोबांनी टिकलीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास, पोरांनो! आम्हा म्हाताऱ्यांना जमलं नाही ते केलंत!"

"मला शाबासकी नको, आजोबा," टिकली ताडकन म्हणाली. "आईला सगळ्यांसमोर कामचुकार म्हणाले ते. मग माफीही सगळ्यांसमोरच मागायची!"

"बरोबर बोलतेय पोर," आजोबांनी काठी आपटली. "मागा, सेक्रेटरी!"

एका पायात चप्पल आणि दुसरा पाय चिखलात, अशा अवतारात सेक्रेटरीकाकांनी हात जोडले. "चुकलो, बाई. खोली तुमचीच आहे. राग सोडा."

"माझा राग राहू द्या," आई म्हणाली. "तुमचा नातू रोज दिवेलागणीला खेळून येतो आणि याच नळावर पाय धुतो. काल मीच त्याला ओढून मागे घेतलं, साहेब."