भोंग्यातलं घरटं

"दोरी सोड सुरेश, दोरी सोड! शीड फाटेल!" वना ओरडला.

"आमच्या दुकानातलं मांजरपाट कापड आहे ते, असं तसं फाटायचं नाही! तू आपलं वल्हं सांभाळ!"

"भांडू नका रे दोघं!" सुकाणूवरून मंदा म्हणाली. "उद्या वरच्या पाड्याची होडी अशीच पुढे निघून जाईल, आणि तुम्ही भांडतच बसाल!"

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. उद्या करंजढोह धरणात दोन होड्यांची शर्यत, म्हणून तिघांचा सराव चालला होता. त्यांच्या होडीचं नाव 'झोका'. ती बांधली होती मंदाच्या दादानं, गिरधरनं. तो मात्र होडीत नव्हता. गेल्या आखाजीला धरणाखालच्या नदीत तो बुडाला. पोहायला गेला आणि मस्ती नडली, असं सगळं गाव म्हणालं. पण मे महिन्यात त्या नदीत पाणी असतं घोट्याएवढं! घोट्याएवढ्या पाण्यात पट्टीचा पोहणारा बुडतो कसा? मंदा वर्षभर हेच विचारत होती. त्यावर तिचे वडील, उखर्डूनाना, ताटावरून उठून जात. घरात गिरधरचं नावसुद्धा निघत नसे.

धरणाच्या भिंतीजवळ त्यांनी वाळका भोपळा दगडाला बांधून पाण्यात सोडला होता. त्याला वळसा घालायचा आणि परत फिरायचं. पण आज होडी वळेचना!

"वारा भिंतीकडून येतोय ना?" मंदा म्हणाली. "मग आपण भिंतीकडे कसे सरकतोय?"

 वनानं भोपळ्याकडे बोट दाखवलं. भोपळ्याची दोरी ताणली होती, आणि तीसुद्धा भिंतीच्या दिशेनं.

"खालून पाणी ओढतंय," सुरेश पुटपुटला. "दरवाजा उघडलाय कुणीतरी."

"रात्री आठला उघडणार होते! धरणाच्या चौकीदार जीवरामआबांनी काल दवंडी दिली की!" वना म्हणाला.

मंदानं खाली नदीकडे पाहिलं. दोन मैलांवर, गावच्या घाटाखाली नदीच्या वाळूत, पाच वाजता गावच्या बायका आणि पोरी गौराई बोळवायला, तिचं विसर्जन करायला, उतरणार होत्या. तिची आईही त्यांच्यात होती. आणि गेल्या साली याच दिवशी, याच वेळी, दादा तिथंच होता.

"भिंतीला लावू या होडी! लवकर!" ती ओरडली.

वारा तोंडावर होता. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे हेलपाटे घालत 'झोका' कशीबशी भिंतीला टेकली. चौकीला कुलूप होतं. आता जीवरामआबा कुठं असणार! आखाजीला अख्खं गाव पत्ते कुटतं. रात्री डाव सोडून कोण उठणार, म्हणून हे महाशय दुपारीच दरवाजा उघडून मोकळे झाले होते.

"सुरेश, काठावरची तुझी सायकल घे, घाटावर जा! सगळ्यांना वर काढ!"

सुरेश सुटलाच. मंदा आणि वना दरवाज्याच्या लोखंडी चाकाला भिडले. चाक जागचं हलेना. हात सोलले, वनाला रडू फुटलं.

"मोठ्या माणसाचं काम आहे हे, मंदा!"

मंदानं होडीकडे पाहिलं. डोलकाठी! दादानं सातपुड्यातून स्वतः खांद्यावरून आणलेला बांबू होता तो. तिनं क्षणभर डोळे मिटले, मग दोऱ्या कापल्या. दोघांनी बांबू चाकात अडकवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. चाक कुरकुरलं, फिरलं! पुन्हा बांबू, पुन्हा भार. शेवटच्या फेऱ्याला काड्कन आवाज झाला आणि बांबू उभा चिरला. पण दरवाजा बसला होता.

सुटलेलं पाणी घाटावर पोचलं तेव्हा सुरेशनं ओरडून ओरडून सगळ्यांना काठावर काढलं होतं. वाळूतल्या टोपल्या आणि चपला तेवढ्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या. बायका एकमेकींना धरून रडत होत्या.

तासाभरात भिंतीवर गर्दी जमली. धरणाचे साहेबही जीपनं आले.

"मी भोंगा वाजवला होता साहेब!" जीवरामआबा हात जोडून म्हणाले. "तीनदा! दरवाजा उघडण्याआधी वाजवायचा नियमच आहे. गेल्या सालीही वाजवला होता."

"आम्हाला नाही ऐकू आला!" वना उसळला.

"पोरं काय, खेळात असतात!"

भोंग्यातून एक चिमणी भुर्रकन उडाली. ते पाहून मंदा चौकीच्या कट्ट्यावर चढली आणि भोंग्याच्या तोंडात हात घालून तिनं हळूच एक घरटं बाहेर काढलं. त्यात चिमणीची तीन अंडी होती. त्याच्याखाली आणखी एक घरटं निघालं, जुनं, काळं पडलेलं, धुळीनं घट्ट झालेलं.

"वरचं या सालचं," ती म्हणाली.  "खालचं गेल्या सालचं. भोंगा वाजला असता तर ही राहिली असती का, आबा?"

 जीवरामआबा मटकन खाली बसले.

"बठ्ठी चूक मन्ही शे, सगळी माझीच चूक," ते रडत म्हणाले. "गेल्या सालीही मी दुपारीच दरवाजा उघडला. पोरगं वाळूत होतं, मला ठाऊक नव्हतं. नंतर सांगायची छाती झाली नाही."

गर्दीतून उखर्डूनाना पुढं आले. ते मारतील असंच सगळ्यांना वाटलं.

"गेल्या साली पत्त्यांच्या डावाला तुला मीच बोलावलं होतं, जीवराम," ते म्हणाले. "आणि वर्षभर नावं ठेवली माझ्या पोराला."

साहेबांनी जीवरामआबांना जीपमध्ये बसवलं. मग तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास! आज तुमच्यामुळे गाव वाचलं." बायकांनी पोरांवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मंदानं मान हलवली, पण तिला हसू आलं नाही. अंडी तिनं पुन्हा भोंग्याशेजारच्या वळचणीत ठेवली. चिमणी परत येईल की नाही, ते तिला ठाऊक नव्हतं.

शर्यत झालीच नाही. सकाळी मंदा पाण्यावर गेली तेव्हा उखर्डूनाना 'झोका'शेजारी बसून नवा बांबू तासत होते. डोळे लाल होते. तिला पाहून त्यांनी कोयता थांबवला.

"मंदे," ते म्हणाले, "आपल्या गिरधरनं काठी किती हात लांब ठेवली होती गं?"

"नऊ हात, नाना," मंदा म्हणाली, आणि त्यांच्याजवळ बसून रडली.