ढिगावरचा गोटा

प्रफुलसारखा बॉलर अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात नव्हता, आणि हे सगळ्यांत आधी प्रफुलच सांगायचा. टेनिस बॉलच्या टुर्नामेंटांसाठी गावोगावच्या टीमा त्याला न्यायला मोटरसायकल धाडत. आज चंद्रपूरला फायनल. जिंकली, तर तिथली टीम त्याला सीझनभर ठेवून घेणार होती. बॉलिंगशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि शिकायचंही नव्हतं!

गाडी विकेटकीपर संघपालभाऊ चालवत होता. जंगलातल्या वळणावर गोट्यांचा एक ढीग आहे. येणारा-जाणारा तिथं उतरतो, वाकून एक गोटा ठेवतो आणि मगच पुढे जातो. कोणासाठी, ते कोणी बोलत नाही. संघपालभाऊनं आपला गोटा ठेवला.

प्रफुलनं पांढऱ्या रेघेचा एक गुळगुळीत गोटा उचलला आणि तो मागे मागे जाऊ लागला.

"काऊन रे? ठेवाचा असते, फेकाचा नाई!"

"हातात असा गोटा आला का मले वाकनं जमत नाई, भाऊ. पाहा फक्त."

तो धावला. शेवटच्या पावलाआधी त्याची ती नेहमीची अर्धी उडी, आणि गोटा सणसणत ढिगावरून झाडीत गेला. दोघं ऐकत राहिले. पडल्याचा आवाज काही आला नाही.

"कोणंतरी कॅच घेतली वाटते," प्रफुल हसला. संघपालभाऊ हसला नाही.

फायनल पठ्ठ्यानं एकट्यानं काढली. शेवटच्या ओव्हरला तिघांच्या दांड्या उडवल्या! टीमवाल्यांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं, परवापासून ये म्हणाले.

परतताना दिवस बुडत आला होता. वळणावर संघपालभाऊनं गाडी थांबवली.

"आता तरी वाकून ठेव, बाबू."

"आज? मी?" प्रफुलनं गोटा उचलून हात मागे नेला. हात खांद्याच्या वर जाईना. दुखत नव्हता, नुसता जाईना.

"भाऊ... माहा हात..."

तेवढ्यात झाडीतून एक गोटा आला आणि थेट त्याच्या पायाच्या अंगठ्यापाशी जमिनीत रुतला. अचूक यॉर्कर. गोट्यावर पांढरी रेघ होती.

"कोन हाय तिथी?" संघपालभाऊ कसाबसा बोलला.

सागाची वाळलेली पानं वाजू लागली. कोणीतरी मागे मागे जात होतं. थांबलं. मग धावत येऊ लागलं... जवळ, अजून जवळ... आणि शेवटच्या पावलाआधी पानं क्षणभर गप्प झाली.

तीच अर्धी उडी.