लांबी नसलेला बाण

पुनर्वसन प्रयोगशाळेच्या पडद्यावर आकडा उमटला. नव्वद अंश.

"संबंध नाही," प्रमुख खातू म्हणाले. "खारवली गाव समुद्रात गेलं. तिथली माणसं नव्या खारवलीत जातील. या बाई तिथल्या नाहीत. यांना उद्या डोंगरापलीकडच्या छावणीत पाठवा."

समोर बसलेल्या भिकाबाई तांडेल ताडकन उठल्या. "साठ वर्सा त्या गावान मावरा सुकवलाय मी!"

गणिती शर्मिष्ठा गव्हाणकर आजच रुजू झाली होती. "सर, हा कोन काढता कसा?"

"प्रत्येकाला एकच प्रश्न. गावातल्या थोर माणसांची नावं सांगा. प्रत्येक नाव ही एक दिशा. घेतलेल्या नावांवरून माणसाचा बाण, म्हणजे सदिश, तयार होतो. दोघांनी तीच नावं घेतली, तर कोन शून्य. एकही नाव जुळलं नाही, तर दोन बाणांचा गुणाकार शून्य. कोन नव्वद, बाण एकमेकांना लंब. बाईंचा बाण गावातल्या चारशेही बाणांना लंब आहे."

शर्मिष्ठा वळली. "मावशी, तुम्ही कोणाची नावं सांगितलीत?"

भिकाबाईंनी पदर पुढे ओढला. "कोनाची घेव गो बाय? सगले सासरे नि मोठे दीर. त्यांचा नाव बायकोमानसान तोंडान घेतात काय?"

गाव मोजायला यंत्र आलं होतं; बायकांशी बोलायला एकही माणूस आला नव्हता.

शर्मिष्ठाचा आवाज चढला. "सर, यांनी एकही नाव घेतलेलं नाही! हा बाणच नव्हे. याची लांबी शून्य. लांबी नाही तर दिशा नाही, दिशा नाही तर कोन कसला? कोन काढताना गुणाकाराला बाणांच्या लांबीने भागतात; इथे शून्याने भागावं लागतं. यंत्राने थांबायला हवं होतं."

"थांबायचंच ते. म्हणून आम्ही भाजकात कणभर संख्या मिळवली. आता उत्तर बिनतक्रार येतं."

"दर वेळी नव्वद! जिने गावाचा मान राखला, तिलाच गावाबाहेर काढता?"

"नियम सर्वांना सारखा. अशा एकोणचाळीस बायका आधीच रवाना झाल्यात. कोणी बोललं नाही."

शर्मिष्ठाने कळफलक ओढून घेतला. "एकच कोन काढते. भिकाबाई तांडेल आणि भिकाबाई तांडेल."

खातू हसले. "स्वतःशीच? शून्य येणार."

पडद्यावर उमटलं: नव्वद अंश. संबंध नाही.

खातूंनी रवानगी रद्द केली. शर्मिष्ठाने एकोणचाळीस जणींची यादी त्यांच्यापुढे सरकवली.

"काय म्हनतं ते?" भिकाबाईंनी विचारलं.

"म्हणतं, तुमचा तुमच्याशीच काही संबंध नाही."

भिकाबाई खातूंकडे वळल्या. "मंग छावनीत धाडत होतास कोनाला रं?"