पेटीत नसलेलं पत्र

विट्याच्या स्टँडवरून एसटी सुटली आणि चंदनाच्या ओढणीला मागून हिसका बसला. तिनं चिडून वळून पाहिलं. मागच्या सीटवर एक तरुण, आणि त्याच्या मांडीवरच्या पिशवीतून डोकं काढून एक कोकरू तिच्या ओढणीचं टोक निवांत चघळत होतं.

"अहो, सोडवा की!"

"हिरवी ओढणी घेतल्यावर त्येची काय चूक?" तो हसला. "चंदना न्हवं तू? वळखलं न्हाईस?"

ओळखलं... आणि तिनं नजर चोरली. धुळा! माण तालुक्यातून मेंढरं घेऊन आलेल्या मेंढपाळाचा मुलगा, नववीत तिच्या वर्गात होता. आता दहिवडीत जनावरांचा डॉक्टर झाला होता.

तो शेजारी येऊन बसला. द्राक्षबागा मागं पळत होत्या. वळणावर कोपराला कोपर लागलं, ते दोघांनीही बाजूला घेतलं नाही.

"पेटीसाठीच निघालीस न्हवं?"

गावची पेठ वसल्याला नव्वद वर्षं झाली तेव्हा शाळेतल्या मुलांची पत्रं लोखंडी पेटीत घालून चौकात पुरली होती. आज शंभरीला ती निघणार होती.

"माज्या पत्राखाली बाबाची सही हाय," धुळा म्हणाला. "तीन म्हैनं गिरवून शिकला, आन् जन्मात एकदाच केली. दोन वर्सांमागं गेला... त्येच्या हातचं तेवढंच उरलंय."

चंदना खिडकीबाहेर बघू लागली. पत्रं नीट लावून पेटीत ठेवायचं काम गुरुजींनी तिला दिलं होतं. धुळाचं पत्र शाईनं डागाळलेलं, घरच्या बोलीत लिहिलेलं. वर्गाला नावं ठेवतील म्हणून तिनं ते फाडून टाकलं होतं. खालची सही नीट बघितलीसुद्धा नव्हती.

सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "वर्गात तू माज्याकडं बघायचीबी न्हाईस. मी मातर बघायचो."

"आणि... आता?" नको ते तोंडून निसटलं.

"आता तर बघायचं सोडवंनाच."

ती लाजली. दुसऱ्याच क्षणी स्वतःचीच किळस आली. हे गोड बोलणं तिनं चोरून ऐकल्यासारखं होतं.

चौकात पेटी उघडली. एकेक नाव पुकारलं गेलं. गठ्ठा संपला तरी धुळा हात पुढं करून उभाच. त्यानं रिकामी पेटी पुन्हा पुन्हा चाचपली.

"दिलंच नसशील रं गड्या!" कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

चंदनानं पुढं होऊन माइक घेतला. "त्यानं दिलं होतं. मी फाडलं. त्याची बोली मला गावंढळ वाटली होती..."

हसणं थांबलं. पहिल्या रांगेतल्या तिच्या वडिलांनी, बेदाण्याचे व्यापारी जिनदत्त यांनी, मान खाली घातली. धुळा कोकराची पिशवी उचलून निघून गेला.

तो तिला शाळेमागच्या लिंबाखाली सापडला, कोकराला बाटलीनं दूध पाजत बसलेला.

"माफ कर म्हणायला तोंड नाही मला."

"न्हाईच करायचो. आज तरी न्हाई." बाटली बाजूला ठेवून त्यानं विचारलं, "एसटीतच का न्हाई सांगितलंस?"

"तू बोलत होतास ना... ते थांबलं असतं."

धुळा तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं खिशातून कोरा कागद काढला. चौकात नवी पेटी पुरायची तयारी चालली होती.

"लिव्ह. मी सांगतो तसं. एक शबुदबी सुदरायचा न्हाई."

ती लिहू लागली. *माजा बाबा सांगतो, आमी ह्या गावचं न्हाई, पर ह्या गावानं आमच्या मेंढरांला पानी पाजलं, माज्या पोराला साळंत बसवलं...* अक्षरं तिच्या डोळ्यांपुढं धूसर झाली. सहीच्या जागेपाशी पेन अडलं.

"तितं मोकळं सोड," तो म्हणाला. "आन् खाली लिव्ह. ही पेटी निघंल तवा बघाय आमी दोघं येणार."

"दोघं... म्हणजे?"

"तवर माजा राग जाईल न्हवं का?" तो ओठांतल्या ओठांत हसला. "लिव्ह की! पेटी बंद करत्याल."

मान वर करायचं धाडस तिला झालं नाही. पण 'दोघं' तिनं लिहिलं... आणि वाचता यावं म्हणून पुन्हा एकदा गिरवलं.