हेमांगीमावशीने सोडलेलं मीठ

गोळी एक दिवस चुकलेली नाही, आणि तरी हेमांगीमावशीचा हात थरथर कापतोय! याला काय म्हणायचं? दहा वर्षांची शर्वरी पार चक्रावून गेली.

मावशी म्हणजे काय साधीसुधी बाई वाटली? चंद्रावर बसवायच्या दुर्बिणीचा आरसा घासणारी कारागीर आहे ती! तिला द्विध्रुवी विकार (मन कधी फार उंच, कधी फार खोल जाण्याचा आजार) होता. त्यावर लिथियम हे औषध सुरू झालं, आणि दोन वर्षं मन कसं थाऱ्यावर होतं.

"औषध लागू पडेनासं झालं गं," मावशी म्हणाली. "आता आरसा दुसऱ्या कुणाकडे तरी जाणार."

गुंड्या नावाच्या घरच्या यंत्रमानवाने तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. "उलट लिथियम वाढलंय! जास्त गोळ्या घेतल्या?"

"छे!"

"मावशी, तुझी आमटी वेगळी का काढतेस?" शर्वरीने विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, लिथियम हे एक प्रकारचं मीठच. म्हटलं, दोन-दोन मिठं कशाला? पंधरा दिवस अळणीच खातेय."

"अहो मावशी!" गुंड्याने कपाळावर हात मारला. "मूत्रपिंडाला (रक्त गाळणाऱ्या अवयवाला) लिथियम आणि मिठातलं सोडियम जवळजवळ सारखंच वाटतं. जेवणातलं मीठ घटलं, की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं. त्याच्याबरोबर लिथियमही अडकतं."

"म्हणजे औषध हरलं नाही, साठलं!" शर्वरी ओरडली.

"शाब्बास! पण साठणं धोक्याचं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवली, सलाईन लावलं, मीठ नेहमीसारखं खायला सांगितलं, मग मात्रा पुन्हा बसवली. तीन आठवड्यांत हात स्थिर झाला.

"लिथियम सगळ्यांना इतकं मानवत नाही," गुंड्या म्हणाला. "साधारण तिघांतल्या एकाला छान, काहींना थोडं, काहींना मुळीच नाही. ते आधीच कसं ओळखायचं, याचा शोध चालू आहे."

"मग मला लवकर मोठं व्हायला हवं!" शर्वरी म्हणाली.

आरसा पूर्ण झाला त्या दिवशी मावशीने कार्यशाळेत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मला मनाचा आजार आहे, मी लिथियम घेते, आणि हा आरसा मी घासलाय!"

टाळ्यांच्या कडकडाटात कुणीतरी विचारलं, "ही मुलगी कोण?"

शर्वरीने ताठ उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "मी हिची भाची!"