सौजन्य वगळून

तानाक्का चौगुल्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि उरलेला कप अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी ओतला. त्याच वेळी त्यांच्या गळ्यातला पट्टा गोड आवाजात म्हणाला, "सूनबाई, चहा फार छान झालाय."

जास्वंदीचं मत कोणी विचारलं नाही.

हा पट्टा म्हणजे कंठयंत्र. कर्करोगानं स्वरयंत्र काढावं लागलेल्या माणसानं बोलायचा नुसता प्रयत्न केला, तरी जिभेच्या आणि गळ्याच्या स्नायूंत बारीक विद्युतसंदेश उमटतात. पट्टा ते टिपतो, शब्द ओळखतो आणि त्या माणसाच्याच जुन्या आवाजात बोलतो. विमा कंपनीनं हे पट्टे स्वस्तात वाटले आणि भुदरगड तालुक्यात तंबाखूनं नेलेले बरेच आवाज परत आले. मग पाडव्याच्या सुमारास पट्ट्यांत 'सौजन्य' नावाची सुधारणा आली. हे रुग्ण फोनवर फार टाकून बोलतात, अशी कंपनीच्या कर्मचाऱ्यांची तक्रार होती. तेव्हापासून पट्टा शिवी गाळायचा, टोमणा पुसायचा आणि नकाराला होकाराच्या जमेल तितका जवळ नेऊन बसवायचा. सौजन्य बंद करायची सोय नव्हती. त्याबद्दल कोणी तक्रारीचा फोन केलाच, तर पट्टा कंपनीचे आभार मानायचा.

तानाक्कांची सून स्वरूपा पुण्यातल्या एका कंपनीचं चिप आखायचं काम घरी बसून करायची. सौजन्य आल्यापासूनचे महिने तिला सुखाचे गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या भाकरीला घरात गोल म्हटलं जात होतं.

गावच्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस आली आणि हे सुख संपलं. विषय असा, की संस्थेचं पशुखाद्याचं गोदाम चेअरमन विश्वासरावांच्या मेव्हण्याला नव्व्याण्णव वर्षांच्या करारानं द्यायचं. त्या गोदामाच्या विटा तानाक्कांनी आणि गावातल्या बायकांनी डोक्यावरून वाहिल्या होत्या. आता तिकडच्या सभेत मतं मोजत नाहीत, ऐकतात. चेअरमन विषय वाचतात, पुढच्या रांगा 'मंजूर, मंजूर' म्हणून गलका करतात, आणि मागून 'नामंजूर' ऐकू आलं नाही, तर ते एकमत ठरतं. नुसता हात वर केला, तर वाढपी नाष्ट्याचं पाकीट आणून देतो.

तानाक्कांनी गोठ्यात उभं राहून 'नामंजूर' म्हणून पाहिलं. पट्टा म्हणाला, "विचार करायला हरकत नाही." पुन्हा म्हटलं. पट्टा म्हणाला, "आपला निर्णय योग्यच असेल." मग त्यांनी पट्टा काढून गव्हाणीत टाकला आणि म्हशीपुढे नुसते ओठ हलवत राहिल्या. स्वरूपानं हे दारातून पाहिलं. जास्वंदीकडे तिला दुर्लक्ष करता आलं होतं. हे जमेना.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं पट्टा उघडला. आत एफपीजीए चिप होती. साधी चिप म्हणजे विटा-सिमेंटचं घर, भिंत एकदा बांधली की बांधली. एफपीजीए म्हणजे लग्नाचा मांडव. खांब तेच, कनाती हव्या तशा हलवा. फक्त त्या हलवायला अवजारं लागतात आणि आज्ञा पोचवायला प्रोग्रॅमिंग केबल. कंपनीची अवजारं कंपनीच्या परवान्याशिवाय सुरू होईनात, म्हणून तिनं हौशी मंडळींनी बनवलेली मोफत अवजारं आपल्या लिनक्स लॅपटॉपवर चढवायला घेतली. त्यांतलं एक म्हणे जुनी आवृत्ती आणा, दुसरं म्हणे नवीच हवी. हा मानपान दुपारपर्यंत चालला.

मग केबल जोडली. दिवा लागला, पण लॅपटॉपला पट्टा दिसेना. ती निघाली मोबाइल चार्ज करायची केबल. काही पाहुण्यांसारखी, जेवण नेते पण निरोप नेत नाही. खरी केबल सापडली, जोडली आणि पडद्यावर उमटलं: परवानगी नाकारली. लॅपटॉप हिचा, केबल हिची, वीजबिल हिचं. पण ओळख नसलेल्या उपकरणाला सामान्य वापरकर्त्यानं हात लावायचा नाही, असा लिनक्सचा शिरस्ता. स्वरूपानं हे समजावल्यावर तानाक्कांनी दोन्ही हातांनी हवेत चेअरमनचा फेटा बांधून दाखवला, म्हणजे हाही त्यांच्यातलाच. स्वरूपानं 'या केबलला मी हात लावू शकते' अशा अर्थाची एक ओळ नियमांच्या फाइलीत लिहिली, केबल काढून पुन्हा जोडली आणि दार उघडलं.

ओळखलेला शब्द आवाजाकडे जाताना मध्ये सौजन्य बसलं होतं. तिनं वाट त्याला वळसा घालून नेली. चिपच्या कायमच्या साठ्याला कंपनीचं कुलूप होतं, ते निघालं नाही. पण चालू स्मृतीत केबलनं नवी रचना भरता येत होती. पट्ट्याची बॅटरी संपली, की ती रचना पुसली जाणार आणि सौजन्य परत येणार, एवढंच.

पट्टा गळ्यात बसला. तानाक्का सुनेकडे बघत म्हणाल्या, "पाडव्यापासनं चहा म्हणून भांडी धुतल्यालं पाणी पाजतीयास मला."

"अजून काही, आत्याबाई?"

"हाय की. बस खाली."

स्वरूपा बसली. भाकरी, झाडलोट, माहेर असं सगळं निघालं. शेवटी तिनंच विनवलं, की थोडी बॅटरी सभेला राखा.

सभेत विश्वासराव विषय वाचत सुटले होते. गोदामाचा विषय आला, पुढच्या रांगांनी 'मंजूर'चा गलका केला, आणि मागून तानाक्कांचा 'नामंजूर' असा आला की माइकवाल्यानं आपलंच काही बिघडलं समजून बटणं चाचपली.

विश्वासराव हसले. "एक विरोध नोंदवा. बाकी सभा मंजूर म्हणतीया."

खरंच म्हणत होती. मागच्या रांगांतून गोड आवाज येत होते, "मंजूर. आपला निर्णय योग्यच आहे." स्वरूपानं वळून पाहिलं. त्या सगळ्यांच्या गळ्यात कंठयंत्राचे पट्टे होते. एक म्हातारा खुर्चीवर मुठी आपटत होता. एक बाई जोरजोरात मान हलवून नाही म्हणत होती, आणि तिचा गळा चेअरमनचे आभार मानत होता.

"चेअरमन, ह्यांचं मत अजून ऐकलंच न्हाई," तानाक्का म्हणाल्या.

"ऐकलं की सगळ्यांनी."

"पट्ट्याचं ऐकलंसा. पट्टा सभासद हाय का संस्थेचा?"

सभा हसली. सचिवांनी प्रामाणिकपणे सभासदांची यादी चाळली. तोवर स्वरूपानं नाष्ट्याची पाकिटं बाजूला सारून टेबलावर लॅपटॉप मांडला होता. विश्वासरावांनी बजावलं, की हे बेकायदेशीर आहे, कंपनी सगळ्यांचे पट्टे काढून नेईल.

"नेऊ द्या," तानाक्का म्हणाल्या. "मुकं ऱ्हाऊ. पर तुमचं 'हो' आमच्या गळ्यातनं काढू देणार न्हाई."

पहिला उठला तो मुठी आपटणारा म्हातारा, गणपा सुतार. पाडव्यापासून गावातला सगळ्यांत गोड माणूस. सोयरिकीपासून बांधाच्या भांडणापर्यंत प्रत्येकानं त्याचा होकार घेऊन ठेवला होता. तो टेबलाशी बसला. केबल जोडताना पट्टा म्हणाला, "माझी काहीच तक्रार नाही."

किती काम झालं ते दाखवणारी पडद्यावरची रेघ सरकत शेवटाला पोचली. गणपानं छाती भरून घेतली आणि पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत एकेक तोंड न्याहाळलं. विश्वासराव खाली बघत होते, पण आता त्याचा होकार घेऊन ठेवलेले इतरही बरेच जण खाली बघू लागले होते. गणपाला काय म्हणायचं आहे, हे ऐकून घ्यायची त्या सभेत खरोखर किती जणांची तयारी होती?