सोमवारी सांगितलेला सिनेमा

कावेरी तेंडोलकर आणि जयराम परुळेकर यांची पहिली भेट झाली ती होडीत, आणि तीही भांडणाने.

खाडीपलीकडच्या गावातल्या हायस्कुलात कावेरी मराठी शिकवायला रुजू होणार होती. सावंतवाडीहून एसटीने मालवणला उतरली, हमालाच्या डोक्यावर ट्रंक देऊन धक्क्यापर्यंत आली. ट्रंक होडीत ठेवताच होडी एका अंगाला कलली. समोर एक उंच तरुण बसला होता, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. तो म्हणाला,

"बाये, ट्रंकेत काय फातर आसत?"

"पुस्तकां आसत!" कावेरी फणकाऱ्याने म्हणाली.

"मगे मांडयेर घेवा. फातर बुडलो तर परत काढूक येता. पुस्तक भिजला काय... संपला."

दुसऱ्या दिवशी शाळेत हाच इसम इस्त्रीच्या पॅन्टमध्ये समोर उभा राहिला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "नमस्कार बाई. मी विज्ञान शिकवतो. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते." कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. कावेरीने त्या बघितल्या आणि भांडण तिथल्या तिथे मिटवून टाकलं.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. आज एक मे. निकाल लागला, प्रगतिपुस्तकं वाटून झाली, मुलं ओरडत घरी गेली. रिकाम्या वर्गात कावेरी कपाटात परत करायच्या पुस्तकांची चवड घेऊन बसली होती. खिडकीतून खारा वारा येत होता. मुलींनी निरोपाला म्हणून आणलेले ओले काजूगर टेबलावर द्रोणात होते, आणि ती एकेक तोंडात टाकत होती. मन मात्र थाऱ्यावर नव्हतं.

कारण अप्पांनी, तिच्या वडिलांनी, सावंतवाडीच्या मुलींच्या शाळेत तिच्यासाठी जागा बघितली होती. कायमची, घरापासून हाकेच्या अंतरावर. होय की नाही ते आज हेडमास्तरांना सांगायचं होतं. परवा तिने मुद्दाम प्रयोगशाळेत जाऊन जयरामला हे सांगितलं. तो चंचुपात्र पुसत होता. पुसतच राहिला. म्हणाला, "बरं झालं... घराजवळ." बस्स! एवढा मोठा माणूस, आणि तोंडातून निघाले तीन शब्द. त्याने नुसतं 'का?' विचारलं असतं तरी तिने अप्पांना नकार कळवला असता. हे ती स्वतःशी कबूल करून चुकली होती, आणि म्हणून तर राग जास्त होता.

तिने वरचं पुस्तक हातात घेतलं. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, श्रावणात वाचलेली. अर्धी लढाई झाल्यावर कंटाळा आला होता, पण जयराम रोज मधल्या सुट्टीत विचारायचा, "किल्लो घेतल्यानी काय नाय अजून?" म्हणून तिने तो किल्ला नेटाने सर केला. त्याखाली रशियन गोष्टींचं भाषांतर. त्यातली बर्फाची वर्णनं वाचताना काशीबाईंच्या, म्हणजे तिच्या घरमालकिणीच्या, पडवीत घामाच्या धारा लागल्या होत्या. तरी तिला थंडी वाजली होती, अगदी खरी. मग कवितांचं एक बारीक पुस्तक. ते तिने वर्षात पुन्हा पुन्हा नेलं होतं. "बाई, पाठ झालं असेल आता," तो म्हणायचा. "पाठ व्हायला नाही नेत," ती म्हणायची. "मग?" "कपाटापर्यंत येता येतं..." आणि पुढचं वाक्य दोघांनीही तिथेच सोडून दिलं होतं.

आणि सिनेमे! गावात टीव्ही एकच, हेडमास्तरांच्या घरी. रविवारी संध्याकाळी अर्धा गाव त्यांच्या ओटीवर. चित्र गोव्याकडून यायचं, वाऱ्याच्या लहरीप्रमाणे. अॅन्टेना फिरवायला कौलांवर चढायचा तो जयराम, कारण विज्ञानाचा मास्तर! तो वरून ओरडायचा, "इला काय?" कावेरी अंगणातून ओरडायची, "इला! इला... गेला!" नायिका रडायला लागली की हमखास मुंग्या. मग तो पुन्हा दांडा धरायचा आणि तसाच धरून बसायचा, सिनेमा संपेपर्यंत. अख्ख्या वर्षात त्याने एकही सिनेमा धड बघितला नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत डबा उघडून तो म्हणायचा, "सांगा बाई. काल माझ्या जिवावर काय काय बघितलंत?"

आणि ती सांगायची. हातवारे करून, गाणीसुद्धा गुणगुणून. खलनायकाला ती जरा जास्तच मार द्यायची, कारण जयरामला ते आवडायचं. एकदा तिने एका रडक्या सिनेमाचा शेवट चक्क गोड करून सांगितला. त्याला ते नंतर कुणाकडून तरी कळलं. "तुमचोच बरो होतो," तो म्हणाला होता.

फेब्रुवारीत तो प्रशिक्षणासाठी ओरोसला गेला. त्या रविवारी कौलांवर दुसरंच कुणीतरी चढलं. चित्र कसं आरशासारखं लख्ख! सगळे खूश. कावेरीने सबंध सिनेमा बघितला, आणि सोमवारी सांगायला माणूस नाही म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिला त्यातलं काहीच आठवत नाही. ती आतापर्यंत बघत होती ती फक्त सांगण्यासाठी. वाचत होती तीसुद्धा. त्या दुपारी डब्यातली आंबोळी तिने तशीच परत नेली. काशीबाईंनी झाकण उघडून बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि डबा घासायला घेतला.

"बाई, चला! नारळ ठेवतायत," शिपायाची हाक आली.

शाळेमागच्या वडाखाली राखणदाराचं, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचं, ठाणं होतं. वर्ष संपलं की त्याच्यापुढे नारळ ठेवायचा आणि सगळ्यांच्या वतीने मागणं मागत गाऱ्हाणं घालायचं, अशी रीत. गाऱ्हाणं घालायचे ते दाजींनी. शाळा समितीतले सगळ्यांत म्हातारे सभासद, कमरेत वाकलेले, पण आवाज असा की पलीकडच्या धक्क्यावरचा माणूस मान वळवील. मास्तर मंडळी, शिपाई, काशीबाई, सगळे हात जोडून उभे राहिले. कावेरी मुद्दाम जयरामपासून लांब उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा! ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलेलो आसा, तो मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"पास झाली त्यांका फुडे ने, नापास झाली त्यांका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हेडमास्तरांच्या गुडघ्याची पिडा दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात हेडमास्तरांचा आवाज वरचढ.

"आणि हो आमचो परुळेकर मास्तर... ह्येच्या मनात तेंडोलकर बाय भरलेली आसा, पण तोंडातसून शब्द फुटणा नाय. बाय सावंतवाडीक जाता म्हणतत. तिका परत हाड, आणि ह्येच्या घरात सुखान नांदू दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लहानपणापासूनची सवय. दाजींचा शब्द संपला की तोंड आपोआप उघडतं, मनाला विचारायला थांबत नाही. सगळे म्हणून गेले, आणि मग सगळ्यांच्या माना कावेरीकडे वळल्या. त्या आवाजांतला सगळ्यांत खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज कुणाचा होता, हे प्रत्येकाला कळलं होतं. कावेरीलाही. काशीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"दाजीनू!" जयराम कसाबसा म्हणाला. "मी मनातल्या मनात म्हणा सांगितलेलंय!"

"मनातला राखणदाराक आयकाक कसा येतला?" दाजी शांतपणे नारळ फोडत म्हणाले. "गाऱ्हाणा म्हणजे काय गुपित?"

हेडमास्तर खाकरले. "मग, तेंडोलकर बाई... सावंतवाडीचं काय कळवू?"

"जरा थांबा, सर."

जयराम वडाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला होता. हातात प्रसादाचं खोबरं, आणि ते खायचं असतं हेही विसरलेला. कावेरी त्याच्यासमोर गेली.

"परवा 'बरं झालं' म्हणालात."

"आणि काय म्हणू? आई-वडील थंय, घर थंय... मी खंयच्या तोंडान थांबवू?"

"देवाला सांगायला तोंड होतं?"

"देव नाय म्हणणा नाय," तो म्हणाला. मग त्याने वर बघितलं. "माका तुमी व्हयात, कावेरी. शाळेत नाय... जल्मभर."

तिचे डोळे भरून आले. वर्षभर वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात कुणी इतकं वेडंवाकडं बोललं नव्हतं, आणि तिला दुसरं काही ऐकायचंही नव्हतं.

"ह्याच म्हयन्यात अप्पांकडे येवचा," ती म्हणाली. "दाजींका घेवन येवा व्हया तर. पण बोलूचा तुमी."

"आणि अप्पा नाय म्हणाले तर?"

"मी आसंय मा थंय."

त्याच्या हातातला खोबऱ्याचा तुकडा तिने उचलला, तोंडात टाकला आणि वळली.

"सर," ती मोठ्याने म्हणाली, "सावंतवाडीला नाही म्हणून कळवा."